सोबत जाणाऱ्या बाईचे काम

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील एका आशाताईंचा आहे. त्यांच्या गावाला लागून असलेल्या कोलाम पोडावरील (कोलाम आदिवासींच्या वस्तीवरील) एक विधवा बाई कापूस वेचायला गेली असता शेतमालकाच्या नातेवाइकाने तिच्यावर बळजबरी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने ही गोष्ट फक्त आशाताईंना सांगितली. दिराला कुणकुण लागली असून ‘तंटामुक्त समितीत बसू आणि मिटवून टाकू’ असे तो म्हणतो आहे. आशाताई विचारतात की आधी दवाखाना गाठावा की पोलीस ठाणे, बाईला फिर्याद नको असेल तर काय करावे, आणि ‘मी तर साधी आशा, सोबत जाऊन मी करणार तरी काय?’

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि त्याच्याकडे मी सविस्तर येणार आहे. पण घटनेला दीड दिवस उलटून गेल्यामुळे आधी दवाखान्याचे सांगते.

आधी दवाखाना. पोलिसांचा कागद नसला तरी सरकारी किंवा खासगी रुग्णालयाला अशा बाईवर मोफत उपचार करावेच लागतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे आणि उपचार नाकारणे हा गुन्हा आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. गर्भधारणा रोखणारी तातडीची गोळी जितक्या लवकर घेतली तितकी चांगली, आणि ती तर बहुधा तुमच्या पिशवीतच असेल. तिला विचारून ती आजच द्या. मात्र ती दिली म्हणून दवाखान्यात जाणे टळते असे समजू नका, कारण धनुर्वात, कावीळ-ब आणि गुप्तरोगांवरची औषधे तिथेच मिळतील. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेता येतात. तिने आंघोळ केली असेल, साडी धुतली असेल, तरी ‘आता काय उपयोग’ असे कोणी म्हटले तर ऐकू नका. जखमांची नोंद होते, धुतलेल्या कपड्यावरही कधीकधी काही सापडते, आणि उपचाराची गरज तर पुराव्यावर अवलंबून नसतेच. कपडे अजून धुतले नसतील तर सावलीत वाळवून कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पन्नीत ओलसर कपडा बांधून ठेवला की त्याला बुरशी येते आणि नमुना हातचा जातो. अशी एक पन्नी मी स्वतः उघडलेली पाहिली आहे, म्हणून हे जरा जोर देऊन सांगते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलात तर तुम्हाला ग्रामीण रुग्णालयात पाठवतील, तिथून कदाचित जिल्ह्याला. विदर्भातल्या बाईच्या वाट्याला येणारा सर्वांत मोठा छळ हाच असतो, की प्रत्येक दारात तीच कहाणी पुन्हा सांगायची आणि पुन्हा बसस्टँडवर येऊन बसायचे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आहे, सिरोंच्याहून गडचिरोली त्याहून दूर. तुमचे अंतर त्या मानाने कमी असले तरी दोन ‘रेफर’मध्ये दिवस मावळतो. म्हणून तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी फोन करून एवढेच विचारा, की तपासणीचा संच आणि एचआयव्हीची औषधे या क्षणी कुठे आहेत, आणि थेट तिथे जा. स्त्री डॉक्टर हजर नाहीत या कारणावरून प्रौढ बाईला परत पाठवता येत नाही. बाईची संमती असेल तर पुरुष डॉक्टर स्त्री कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत तपासणी करू शकतात. पाठवू लागलेच, तर ‘तपासणी का करता येत नाही ते लेखी द्या’ असे शांतपणे म्हणा. या एका वाक्याने मी बंद झालेली अनेक दारे उघडताना पाहिली आहेत.

तपासणीत नेमके काय होणार हे तिला आधी सांगितले जावे आणि प्रत्येक टप्प्यावर तिची संमती घेतली जावी. काही भागाला हो आणि काही भागाला नाही म्हणण्याचा तिला अधिकार आहे. ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे योनीत बोटे घालून बाईला संबंधांची सवय आहे का हे ठरवणे, आता कोणीही करायची नाही. या बाबतीत आपल्या भागाचा वाटा मोठा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक शास्त्राचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांची दुरवस्था मांडणारा अहवाल लिहिला, त्यावरून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली आणि २०१३ मध्ये राज्य सरकारने तपासणीची नवी पद्धत घालून दिली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१४ मध्ये आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तर ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असे सांगितले. तरीही जुन्या छापील नमुन्यावर त्या रकान्यात काही लिहिले जात असेल, तर ते तुमच्या नजरेस पडले पाहिजे.

आता तिला फिर्याद नको असेल तर. रुग्णालयाला पोलिसांना कळवावेच लागते. पण कळवणे निराळे आणि तिने फिर्याद देणे निराळे. ती प्रौढ आहे. ‘मला उपचार हवेत, पोलिसांत सध्या जायचे नाही’ असे ती सांगू शकते, डॉक्टर तशी नोंद करून तिची सही किंवा अंगठा घेतात आणि उपचार सुरू राहतात. मी तिला नेहमी सुचवते की नमुने आज देऊन ठेव, निर्णय मग घे. उद्या मन बदलले तर पुरावा परत आणता येणार नाही. तुमच्यावरही तिच्या इच्छेविरुद्ध पोलिसांना कळवण्याचे बंधन नाही. मुलगी १८ वर्षांखालील असती तर चित्र पूर्ण वेगळे होते. तिथे पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवलेच पाहिजे, आणि ‘मी गुप्त ठेवीन’ असे वचन देण्याची तुम्हाला मुभा नाही. पुढे कधी एखादी मुलगी ‘ताई, कोणाला सांगू नका’ असे म्हणत आली, तर ऐकण्याआधीच तिला हे सांगा.

ती पोलिसांकडे जायला तयार झाली, तर मग तुमच्या ‘मी करणार तरी काय’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. बलात्काराच्या तपासात पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि आईवडील, जवळचे नातेवाईक किंवा त्या परिसरातील सामाजिक कार्यकर्ता यांच्या उपस्थितीत घ्यायचा असतो. मोबाइलवर तो चित्रितही करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये हे आहे. परिसरातील सामाजिक कार्यकर्ता म्हणजे ताई, तुम्ही. शिवाय ती अनुसूचित जमातीची असून आरोपी अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा नसेल, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५अ लागू होते, ज्यात सामाजिक कार्यकर्ते, संस्था किंवा वकील यांची मदत घेणे हा पीडितेचा अधिकार म्हणून लिहिला आहे. कोणी ‘तुम्ही कोण?’ असे विचारले, तर या दोन कलमांचे आकडे हातावर लिहून नेले असतील तरी पुरे.

पण तिथे बसून काय करायचे? इथे मी माझी स्वतःची चूक सांगते, कारण हे काम मला त्या चुकीने शिकवले. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईसोबत मी ठाण्यात बसले होते. ती वऱ्हाडीत बोलत होती, मध्येच थांबत होती, आणि लिहिणारे हवालदार वैतागले होते. तिला मदत व्हावी म्हणून मी तिची वाक्ये पुरी करू लागले. ती म्हणाली, ‘त्यानं मले पऱ्हाटीत ओढलं, मंग माया तोंडावर दुपट्टा दाबला.’ कागदावर उतरले ते असे, की आरोपीने फिर्यादीस कपाशीच्या पिकात नेऊन तिच्याशी जबरी संभोग केला. दुपट्टा गेला. तोंड दाबल्याची गोष्टच गेली. अडीच वर्षांनी न्यायालयात तिने दुपट्ट्याचे सांगितले, तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले की हे जबाबात का नाही. आणि ‘संभोग’ या शब्दाचा अर्थ विचारल्यावर ती म्हणाली, ‘हा शबूद माया नाई.’ तो शब्द माझा होता. आरोपी सुटला. निकालाची कारणे इतरही होती, तरी त्या दिवसानंतर मी कोणत्याही बाईच्या जबाबात एक अक्षर घातलेले नाही.

तेव्हा तिच्या शेजारी बसा, पाणी द्या, ती थांबली तर थांबू द्या, आणि लिहिणाऱ्याला नम्रपणे सांगा की तिचे शब्द आहेत तसेच लिहावेत. ‘पऱ्हाटी’ असेल तर ‘पऱ्हाटी’. ती कोलामी बोलत असेल आणि मराठीत अडत असेल, तर दुभाषी मागा. गावातल्याच माणसाला दुभाषी करताना तो शेतमालकाच्या उधारीत नाही ना, हे पाहून घ्या. ही शंका घेणे वाईट वाटते, पण उधारीचा हात जिभेपर्यंत पोहोचतो. ‘ओरडली का नाहीस’ असा प्रश्न हमखास येईल. कायद्याने प्रतिकार न करणे म्हणजे संमती ठरत नाही, हे तुम्ही मनात ठेवा. तिने मात्र खरे असेल तेच उत्तर द्यावे. अंगठा देण्यापूर्वी जबाब तिला तिच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मोफत मिळते आणि ती त्याच दिवशी घेऊनच निघावे. हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंद होते. खबर नोंदवलीच नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि हेही सांगून ठेवा की अशा गुन्ह्याची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिन्यांच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर वेगळा जबाब होईल. त्या वेळी तुम्ही बहुधा बाहेर असाल, आणि तसेच असायला हवे.

गडचिरोलीकडच्या देसाईगंजचे नाव तुम्ही ऐकले असेल. १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, अशा कारणांनी त्यांना पुन्हा सोडले. त्यावर चार कायदेतज्ज्ञांनी खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या मुलीचे नाव सगळीकडे छापले गेले. मी ते इथे लिहीत नाही. पीडितेची ओळख उघड करणे आज गुन्हा आहे, आणि हे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही लागू आहे. तुम्हीही बैठकीत, अहवालात, अगदी सुपरवायझर मॅडमना सांगतानाही, गरज नसेल तिथे नाव घेऊ नका.

दिराबद्दल. तंटामुक्त समितीने बांधाचे आणि भावकीचे पुष्कळ वाद सोडवले आहेत, त्याचे श्रेय तिला द्यावे. परंतु बलात्कार हा आपसात मिटवता येणारा गुन्हा नाही. समितीला तो ऐकण्याचा अधिकारच नाही, आणि तिथे लिहिलेल्या समझोत्याच्या कागदाला न्यायालयात किंमत नाही. किंमत एवढीच उरते, की तिच्यावर दबाव आल्याचा पुरावा म्हणून तो वापरता येतो. दिराशी भांडू नका. बहुतेक वेळा अशा दिराच्या डोक्यात हंगामाचे काम, त्याच मालकाकडून घेतलेली उचल आणि पोडाची बदनामी हे तिन्ही एकत्र असते, आणि त्याला वाटणारी भीती खोटी नसते. त्याला एकट्याला गाठून, समितीच्या लोकांसमोर मुळीच नाही, एवढे विचारा की निर्णय तिचा असेल तर तू तिला अडवणार का. काहीजण गप्प बसतात, आणि तेवढे पुरते. पोलीस पाटलांशी बोलायचे असेल तर आधी तिला विचारून.

मदतीच्या रकमेचा विषय पहिल्या दिवशी आपण होऊन पुढे करू नये असे माझे मत आहे, कारण पुढे ‘पैशासाठी केस केली’ हाच आरोप होतो. पण तिने विचारले तर लपवायचे काहीही नाही, तो तिचा हक्क आहे. अत्याचार प्रतिबंधक नियमांच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार बलात्कारासाठी ५ लाख रुपयांची मदत आहे. निम्मी रक्कम वैद्यकीय तपासणी आणि घटनेची पुष्टी करणाऱ्या वैद्यकीय अहवालानंतर, पाव भाग दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर आणि उरलेला खटल्याच्या निकालानंतर. ती समाजकल्याण खात्यामार्फत मिळते आणि जातीच्या दाखल्यावर अडते. कोलाम कुटुंबांकडे जुने कागद क्वचितच असतात, म्हणून तिच्या मुलाच्या शाळेचा दाखला, सासऱ्याची जुनी नोंद, जे सापडेल ते आतापासून एका पिशवीत जमा करा. अशा पीडितांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तिथेच मोफत वकीलही मिळतो. स्त्रीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सरकारी वकील सरकारची बाजू मांडतात, तिची वेगळी बाजू त्यांना सुचेलच असे नाही. तिचा स्वतःचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो, आणि आरोपीच्या जामिनाच्या सुनावणीची सूचना तिला मिळाली का, एवढे जरी त्याने पाहिले तरी त्याचे काम झाले. कलम १५अ खाली ती सूचना मिळणे आणि तिचे म्हणणे ऐकले जाणे हे तिचे अधिकार आहेत.

जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे. ही योजना २०१५ पासून चालते आणि तिच्यात वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि सुमारे पाच दिवसांचा निवारा एका छताखाली असावा अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात एका केंद्रात रात्री समुपदेशक असते, दुसऱ्यात फक्त पहारेकरी असतो. त्यामुळे निघण्यापूर्वी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करून कोण हजर आहे ते विचारा. धोका तातडीचा असेल तर ११२. कायद्याच्या सल्ल्यासाठी १५१००. पोडावर रेंज मिळत नाही, तेव्हा हे क्रमांक फोनमध्ये साठवण्यापेक्षा तुमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता ज्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष जात नाही ती. फवारणीचे औषध तिच्या घरात, आढ्याला किंवा पलंगाखाली, असेलच. ते आजच तिथून हलवा. शेजारच्या विश्वासू घरी कुलपात ठेवा आणि तिला सांगून ठेवा, लपवून नव्हे. पहिले काही आठवडे आणि नंतर समन्स येण्याचे दिवस हे सर्वांत नाजूक असतात. ‘जीव नकोसा झाला का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, हे मला अनुभवाने पक्के माहीत आहे. झोप नसणे, एकाच कोपऱ्यात बसून राहणे, अचानक थरथरणे, कापसाच्या वासाने मळमळणे हे सगळे होऊ शकते. घरचे याला ‘बाहेरचे लागले’ म्हणतील आणि बुवाकडे नेतील. तिला तिथे बरे वाटत असेल तर माझी हरकत नाही, मात्र तिथे मारहाण किंवा धूर देणे नको, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग चुकता कामा नये. १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येते. पाळी चुकली तर थांबू नका. बलात्कारातून राहिलेला गर्भ २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीरपणे काढता येतो, २० आठवड्यांच्या आत एका डॉक्टरांचे मत पुरते, आणि त्या वेळी डीएनएसाठी नमुना राखून ठेवायला पोलिसांना आठवण करून द्यावी लागते.

खटला उभा राहायला काळ जाईल. सुनावणी बंद खोलीत होते. तिच्या पूर्वायुष्याबद्दल, चारित्र्याबद्दल उलटतपासणीत विचारता येत नाही, आणि विचारले तर वकिलाने तिथल्या तिथे हरकत घ्यायची असते. आरोपी समोर दिसू नये म्हणून पडदा मागता येतो. धमक्या आल्या तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्याच्या ठिकाणी अर्ज करता येतो. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी तिला मिळाली पाहिजे. अत्याचार प्रतिबंधक नियमांत ती तरतूद आहे, तरी न्यायालयाच्या कार्यालयात मागितल्याशिवाय ती कोणी हातावर ठेवत नाही. मी एक करते: साक्षीच्या आदल्या आठवड्यात बाईला एकदा रिकामे न्यायालय दाखवून आणते, कठड्यात उभे करते आणि ‘तुम्ही इथे, साहेब तिथे, वकील इकडे’ असे बोट दाखवून सांगते. काय सांगायचे ते शिकवत नाही. फक्त ती जागा तिच्या ओळखीची होते.

तर ताई, उद्याचे. आज रात्री तिला एकदाच विचारा की दवाखान्यात जायचे का. हो म्हणाली तर पहिली बस धरा, कारण दुपारनंतर तपासणी करणारे डॉक्टर ‘उद्या या’ म्हणतात. सोबत बदलायची साडी, कागदात गुंडाळलेले कपडे, आधारकार्डाची झेरॉक्स, थोडे चिल्लर आणि खायला काहीतरी घ्या, कारण तिने कालपासून काही खाल्ले नसेल. पोलिसांच्या गाडीतून जायची वेळ आली तर आरोपी त्याच गाडीत नाही ना, हे चढण्यापूर्वी बघा. आणि तिचे लहान मूल दिवसभर कोणाकडे राहणार, हे तिला विचारून आजच ठरवा. मी अनेक बायकांना ठाण्याच्या पायरीवरून केवळ त्या एका काळजीने माघारी फिरताना पाहिले आहे.